साल्हेरवर हॅम रेडिओ न्यायचाय, पण वीज कुठून आणू?

रामशेजवाला (१४ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, परवान्याची परीक्षा दिली, व्हीयू३ कॉलसाइन (हवेतलं माझं नाव) हातात पडलं. क्लबातल्या एका काकांनी त्यांचा जुना शंभर वॉटचा एचएफ (लघुलहरींचा) रेडिओ "माझ्याकडे धूळ खातोय, तू वापर" म्हणून दिला. पण नाशकात आमच्या इमारतीत चाळीस मीटर बँडवर (चाळीस मीटर लांबीच्या लहरींवर) नुसता खरखराट. एलईडी दिवे, लिफ्टचा ड्राइव्ह, शेजाऱ्यांच्या गच्चीवरचं सोलर, सगळे मिळून सिग्नलच्या मीटरची सुई एस-नऊपर्यंत नेऊन ठेवतात. म्हटलं, चला गडावर.

परवा रामशेज केला. घरच्या कॉम्प्युटर यूपीएसमधून १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) बॅटरी काढली (अडीच किलो, पाठीला चांगली लागते), जुन्या टेबलफॅनची तीन मीटर वायर जोडली, काठीला डायपोल (दोन तारांची अँटेना) बांधला. आणि काय सांगू! नुसती शांतता. त्या शांततेत लोक बोलताहेत. वीस मिनिटं मी फक्त ऐकत बसलो, बायकोला वाटलं बिघडला रेडिओ.

मग पीटीटी (बोलायचं बटण) दाबून "सीक्यू सीक्यू" (कोणी आहे का?) म्हणालो. दुसऱ्या सीक्यूतल्या "क्यू"ला डिस्प्ले विझला. परत चालू केला, परत विझला. पॉवर तीस वॉटवर आणली तेव्हा दोन जणांशी कसंबसं बोललो. एकूण चाळीस मिनिटांत खेळ खलास.

आता डिसेंबरात दोन दिवस साल्हेर करायचा बेत आहे. वाघांब्याकडून चढणार, एक मुक्काम. किती मोठी बॅटरी नेऊ? सोलर पॅनेल घेऊ का? ते हल्ली पॉवर स्टेशन म्हणून डबे मिळतात ते बरे का? वजन पाठीवर आहे हे लक्षात ठेवून सांगा.

डिडाडिट (१४ नोव्हेंबर, रात्री १०:१५)

बाळा, बॅटरी मोठी करण्याआधी ती टेबलफॅनची वायर फेकून दे.

हिशेब बघ. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण अठरा मिलिओहम रोध असतो. तुझी वायर तीन मीटर, पण विजेला जायचंही आहे आणि परतही यायचंय, म्हणजे सहा मीटर. झाले एकशे आठ मिलिओहम. शंभर वॉटला रेडिओ शिखरावर अठरा-वीस अँपिअर ओढतो. अठरा धर. जवळजवळ दोन व्होल्ट नुसत्या वायरीत गेले! यूपीएसची बॅटरी त्या लोडखाली साडेअकराला येते, म्हणजे रेडिओच्या पाठीला पोचले साडेनऊ. बहुतेक रिगच्या (रेडिओच्या) पुस्तकात १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के असं छापलेलं असतं, म्हणजे खालची मर्यादा ११.७. रेडिओने स्वतःला वाचवलं, बिघडलं काहीच नाही.

एसएसबीत (एचएफवर आपण बोलतो ती पद्धत) करंट आवाजाबरोबर नाचतो. "सी" म्हणताना लांब स्वर लागतो, "क्यू"ला आणखी लांब. म्हणून तिथेच विझला.

चार चौरस मिलिमीटरची वायर, लांबी एक मीटर, बॅटरीजवळ फ्यूज. मग पुढचं बोलू.

शंकासुर (१४ नोव्हेंबर, रात्री ११:०२)

मला यातलं काही कळत नाही, प्रामाणिक शंका विचारतो. गडावर मोबाईलला रेंज असते की. मग अडीच किलोची बॅटरी वाहून कोणाशी काय बोलायचं?

भटकभवानी (१५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०)

शंकासुर, साल्हेरच्या गुहेत रेंज असते हे तुम्हाला कोणी सांगितलं? :)

रामशेजवाले, साल्हेर तीन वेळा केलाय. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. वाघांब्याकडून आधी साल्हेर-सालोट्याच्या खिंडीत, मग कातळातल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे. गुहांपाशी पोचेपर्यंत पाठीवरचा प्रत्येक किलो दोन होतो. मुक्कामाला गुहा, पाणी तिथलंच. माथा, म्हणजे परशुरामाचं छोटं देऊळ, तिथून आणखी वर. वारा वेड्यासारखा असतो वर, काठी नुसती उभी राहणार नाही, तिला ताण द्यावे लागतील. आणि तटात, कातळात खिळे-मेखा ठोकू नका प्लीज, २०२५ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडांना दोरी गुंडाळा.

एवढं सांगून मी वाचनमात्र. रेडिओतलं मलाही शून्य कळतं, पण धागा भारी आहे.

हर्णैकर (१५ नोव्हेंबर, सकाळी ११:२०)

शंकासुरांच्या शंकेला उत्तर द्यायला मी योग्य माणूस आहे.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. दुपारी वारा थांबला तेव्हा आमच्या आगरातल्या निम्म्या पोफळी आडव्या आणि विजेचे खांब रस्त्यावर. संध्याकाळपर्यंत मोबाईल होता, कारण टॉवरला बॅटऱ्या असतात. रात्री त्याही संपल्या. रस्ते बंद, डिझेल पोचणार कसं? आमच्या वाडीत दिवे आले बावीस दिवसांनी.

माझ्याकडे दहा वॉटचा हाताने जोडलेला छोटा रेडिओ आणि घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी. पहिलं काम काय केलं, तर इन्व्हर्टर बंद केला. तो काहीही चालवत नसताना नुसता जागा राहायलाच एखाद अँपिअर पितो, वर एचएफवर भुंकतो तो वेगळा. बॅटरीच्या टर्मिनलवरून थेट दोन तारा काढल्या, फ्यूज घातला, झालं. यावरून आईशी जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. तिचं म्हणणं, बॅटरी भरलेली आहे तर मिक्सर का नाही? वाटण पाट्यावर वाटलं तिने, आणि प्रत्येक वेळी पाट्याचा आवाज मला ऐकू येईल असा काढला.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे मला ७५ एएच मिळाले. माझा खर्च ऐकणं-बोलणं धरून सरासरी अर्धा अँपिअर. दिवसाला सहा तास म्हणजे ३ एएच. पंचवीस दिवस चाललं असतं, बावीस लागले. पाऊस सुरू झाला होता, सोलरचं नाव काढू नका.

डायपोल मुद्दाम खाली बांधला, जेमतेम चार मीटर. उंच बांधला की लहरी लांब जातात. मला हवं होतं पुणे, मुंबई, कोल्हापूर. खाली बांधला की त्या सरळ वर जातात आणि वरून पावसासारख्या आजूबाजूला पडतात. चाळीस मीटरवर सकाळी नऊ ते दुपारी चार हमखास. वाडीतल्या जवळपास तीस घरांचे "आम्ही सुखरूप आहोत" एवढेच निरोप पुण्याच्या एका हॅमने फोन करून पोचवले. कोणाशी काय बोलायचं, तर हे.

शंकासुर (१५ नोव्हेंबर, दुपारी १२:०५)

शंका मागे. पाट्याचं वाचून हसलो, बाकीचं वाचून गप्प बसलो.

कथीलताई (१५ नोव्हेंबर, रात्री ८:५०)

हर्णैकरांनी नकळत या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे, ती कोणी उचलली नाही म्हणून मी उचलते. त्यांनी सरासरी काढली.

नवीन हॅम नेहमी बोलण्याचा हिशेब करतो, "वीस अँपिअर लागतात हो!" पण तुम्ही दिवसभरात बोलता किती? पाचात एक मिनिट. उरलेली चार मिनिटं रेडिओ ऐकत असतो, आणि ऐकायलाही तो खातो. पाठीवरची बॅटरी मुख्यतः कानासाठी असते.

रामशेजवाले, तुमचा बेत घेऊ. दोन दिवसांत मिळून दहा तास. आठ तास ऐकणं, दोन तास बोलणं.

तुमचा शंभर वॉटवाला: नुसतं ऐकताना एक अँपिअर, म्हणजे ८ एएच तिथेच. बोलताना एसएसबीची सरासरी सात अँपिअर धरली तर १४. एकूण २२ एएच. पॉवर वीस वॉटवर आणलीत तरी बोलण्याचे ८ राहतात (मोठा रेडिओ कमी पॉवरला काटकसर करत नाही, त्याचा अंतिम टप्पा फुकटचा तापतच असतो) आणि ऐकण्याचे ८ तसेच. सोळा.

आता पाच वॉटचा, समजा याएसूचा एफटी-८१७: ऐकताना ०.४५, बोलताना शिखरावर २, सरासरी सव्वा. ३.६ अधिक अडीच. सहा एएच! तुमच्या शंभरवाल्याला नुसतं कानाला लागतं त्याहून कमी.

आणि पाच वॉटने कोणी ऐकणार नाही ही भीती काढा. शंभर ते पाच म्हणजे १३ डेसिबल, समोरच्याच्या मीटरवर जेमतेम दोन एस-युनिट. एस-नऊचा एस-सात होईल. साल्हेरच्या माथ्यावर नीट बांधलेला डायपोल तेवढं भरून काढतो. क्लबात कोणाकडे छोटा रेडिओ असेल तर दोन दिवसांसाठी उसना मागा.

बॅटरीबद्दल उद्या लिहिते, पेपर तपासायचे पडलेत.

पॉवरवाले अप्पा (१६ नोव्हेंबर, सकाळी ९:१०)

मी तो पॉवर स्टेशनचा डबा घेऊन बसलोय, तीनशे वॉट-अवरचा. माझी चूक तुम्ही करू नका. मी सुरुवातीला त्याच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला रेडिओचा पॉवर सप्लाय लावायचो. म्हणजे डब्यातली डीसी आधी एसी होणार, मग सप्लाय तिची परत डीसी करणार. घरातलं दूध डेअरीत घालून संध्याकाळी तेच पिशवीतून विकत आणावं तसं. पंचवीस-तीस टक्के वाटेतच संपतं, वर खरखर एस-सात.

आता त्याच डब्याचं गाडीतल्यासारखं १२ व्होल्टचं भोक वापरतो. खरखर बरीच कमी. पण त्याला दहा अँपिअरची मर्यादा आहे, म्हणून चाळीस-पन्नास वॉटच्या वर जात नाही. गाडीने जिथपर्यंत जाता येतं तिथे हा डबा झकास. साल्हेरला? साडेतीन किलो आहे. तुम्ही तरुण आहात, बघा.

कथीलताई (१६ नोव्हेंबर, रात्री ९:३०)

पेपर संपले नाहीत, पण कंटाळा आला.

यूपीएसच्या बॅटरीवर छापलेले ७ एएच हे वीस तासांत रिकामी केली तर मिळतात, म्हणजे ०.३५ अँपिअरने. सात अँपिअरने ओढलीत तर चारच्या आसपास हाती लागतात. त्यातही निम्म्याखाली जायचं नाही. अडीच किलो वाहून दोन-तीन एएच! खालच्या गावात दुकानात ठेवायला ठीक, गडासाठी नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. चार सेल एकापुढे एक, १२.८ व्होल्ट. हॅम लोकांसाठी जणू मुद्दाम केलेलं रसायन आहे हे. बॅटरी भरलेली असताना १३.३ च्या आसपास आणि जवळजवळ रिकामी होईपर्यंत १३ च्या अवतीभवतीच. रेडिओला हवं तेच. साध्या लॅपटॉपवाल्या लिथियम सेलचं गणित १२ व्होल्टला बसत नाही: तीन लावले तर १२.६ पासून खाली घसरत ९ वर येतं, चार लावले तर भरल्यावर १६.८, जे पुष्कळ रिगना झेपत नाही.

सौर पथदिव्यांमध्ये आणि ई-रिक्षांमध्ये वापरतात ते ३२७०० सेल हल्ली सहज मिळतात. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. एक सेल ६ एएचचा, वजन दीडशे ग्रॅमच्या आत. चार सेल, बीएमएस (सेल सांभाळणारं, गरज पडली की बॅटरी तोडणारं सर्किट), वायर, वरून पॅकिंग, सगळं मिळून पाऊण किलो. म्हणजे यूपीएसच्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी वजनात दुपटीहून जास्त वीज.

स्वतः जोडणार असाल तर दोनच गोष्टी बजावते. सेलवर थेट सोल्डरिंगची गन टेकवू नका, आतलं पापुद्र्यासारखं प्लास्टिक वितळतं. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंग करून घ्या, बॅटरीवाले करून देतात. आणि जोडण्याआधी चारही सेल वेगवेगळे पूर्ण भरून व्होल्टेज सारखं आणा. एक सेल मागे राहिला की बाकीचे तिघे भरलेले असूनही बीएमएस दार लावून घेतं.

बीएमएस किती अँपिअरचं आहे तेही बघा. माझ्या विद्यार्थ्याने दहा अँपिअरवालं लावलं आणि त्यावर शंभर वॉटचा रेडिओ. पहिल्याच "हॅलो"ला ठप्प. रेडिओ खराब झाला म्हणून रडत आला होता.

जर्सीकर (१७ नोव्हेंबर, सकाळी ६:४५)

न्यू जर्सीहून दोन पैसे.

इथे जूनच्या चौथ्या शनिवार-रविवारी फील्ड डे असतो, १९३३ पासून चालू आहे. घरची वीज सोडून मैदानात जायचं आणि चोवीस तास जमतील तेवढ्यांशी बोलायचं. मजा त्याच्या गुणांत आहे. पाच वॉट किंवा त्याखाली, आणि तेही जनरेटर न लावता बॅटरी किंवा सोलरवर चालवलंत, तर गुण पाच पटीने मोजतात. शिवाय सूर्यावर किंवा तशाच साधनावर पाच संपर्क केले तर शंभर गुण बोनस. म्हणून आमच्या क्लबात दर वर्षी दोन तंबू पडतात. एकात जनरेटर, बार्बेक्यू आणि मोठ्या पॉवरवाले, दुसऱ्यात आम्ही तीन देशी, एक पॅनेल आणि थर्मासमधला चहा.

डोंगरमाथ्यांवरून बोलण्याचा सोटा (समिट्स ऑन द एअर) म्हणून एक उपक्रम २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. त्याचा नियम तर आणखी कडक: पेट्रोल-डिझेलचा जनरेटर चालत नाही, गाडीच्या बॅटरीला तार लावलेली चालत नाही. जे पाठीवर नेलं तेच. माथ्याच्या पंचवीस मीटर उंचीच्या आत बसायचं आणि गुण मिळायला किमान चार संपर्क.

एक इशारा. ताईंनी सांगितलेली बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, आतून कायमची बाद होते. आमच्याकडे जानेवारीत हा खरा प्रश्न. साल्हेरवर डिसेंबरात थंडी असेल, पण तेवढी नाही. आणि विमानाने नेणार असाल तर शंभर वॉट-अवरच्या आत ठेवा, हातातल्या सामानात. १२.८ गुणिले ६ म्हणजे ७७, निर्धास्त न्या.

रामशेजवाला (१७ नोव्हेंबर, रात्री १०:००)

काय माहिती आहे राव. डिडाडिट काका, वायर बदलली. शंभर वॉटला डिस्प्ले आता नुसता किंचित मंद होतो, विझत नाही. ताई, एफटी-८१७ मिळाला, क्लबातल्या मित्राने "माइकची वायर ओढू नको" या अटीवर दिलाय. सेल मागवलेत.

आता सोलर. वीस वॉटचं पॅनेल पुरेल? सॅकला मागे अडकवून चढताना चार्ज होईल ना?

डिडाडिट (१८ नोव्हेंबर, सकाळी ८:२०)

सॅकला अडकवून फोटो छान येतो, वीज येत नाही. पॅनेलमध्ये सेल एका माळेत असतात. माळेतल्या एका मण्यावर तुझ्या टोपीची सावली पडली की सगळी माळ आखडते. चढताना ऊन कधी पाठीवर, कधी पोटावर. सॅकच्या आत ठेव.

वर पोचल्यावर दक्षिणेकडे तोंड करून, पंचेचाळीस अंशांत टेकव. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साल्हेरवर भर दुपारी सूर्य फक्त सेहेचाळीस अंश वर असतो. सपाट झोपवलंस तर चौथा हिस्सा तिथेच गेला.

वीस वॉट म्हणजे चांगल्या उन्हात एक-सव्वा अँपिअर. त्याने तुझी बॅटरी धो धो भरणार नाही, पण ८१७ च्या कानाचा खर्च भागवून वर थोडं उरेल. तेवढंच पाहिजे. ताईंचा हिशेब परत वाच.

जाता जाता जुनी गोष्ट. २००१ च्या जानेवारीत भूकंपानंतर भुजला गेलो होतो. सोलर कुठलं तेव्हा! दोन ट्रकच्या बॅटऱ्या, एक रेडिओखाली, एक जीपवर चार्जिंगला, आठ तासांनी अदलाबदल. उचलताना ॲसिड सांडून माझ्या दोन पँटींना भोकं पडली. त्यातली एक बायकोने अजून पोचारा म्हणून ठेवली आहे. आणि २००४ ला भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला रेडिओ घेऊन गेल्या होत्या, अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलायला. हौसेचाच दौरा. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि त्याच रेडिओवरून बेटांचे निरोप मुख्य भूमीवर पोचले. हौसेचं सामान असं कधी कामाला येईल सांगता येत नाही, म्हणून ते चार्ज केलेलं असावं.

हर्णैकर (१८ नोव्हेंबर, दुपारी १:१५)

सोलरवर माझा एक रडका अनुभव, म्हणजे इतरांचा रेडिओ वाचेल.

वादळानंतर शहाणपण आलं म्हणून पॅनेल घेतलं आणि ऑनलाइन स्वस्तातला चार्ज कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मधला डबा). बॅटरी आयर्न फॉस्फेट, कंट्रोलरची सेटिंग मात्र लेड-ॲसिडची. दुपारी बॅटरी भरली, कंट्रोलर आणखी रेटतच राहिला, बीएमएसने वैतागून दार लावलं. ठीक, ते त्याचं कामच. पण बॅटरी सुटल्यावर कंट्रोलरला आधारच राहिला नाही, आणि पॅनेलचे वीस-बावीस व्होल्ट जसेच्या तसे लोडच्या पिनांवर आले. लोड म्हणजे माझा रेडिओ. हलकासा वास आला, कांदा करपल्यासारखा. रेग्युलेटर आणि ऑडिओचा आयसी गेला.

तेव्हापासून नियम: रेडिओ कंट्रोलरच्या लोडला कधीच नाही, थेट बॅटरीला. ऐकायला बसलो की पॅनेलची पिन उपटून ठेवतो. बीएमएसने दार लावलंच तर रेडिओवर काहीच येऊ नये.

कथीलताई (१८ नोव्हेंबर, रात्री ९:०५)

पिन उपटण्याचा दुसरा फायदा म्हणजे शांतता. हे कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन व्होल्टेज बदलतात, एमपीपीटीवाले (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे) तर खासच. ती उघडझाप एचएफवर घों-घों ऐकू येते. खर्च करून गडावर जायचं आणि घरचीच खरखर सोबत न्यायची!

विकत घ्यायच्या आधी तपासायची सोपी युक्ती: जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि चालू कंट्रोलरजवळ न्या. वीतभर अंतरावर गुरगुरला तर चालेल, हातभर अंतरावरून गुरगुरला तर दुकानात परत. पॉवर बँक, यूएसबीचे कन्व्हर्टर, सगळ्यांना हीच परीक्षा.

पॉवर बँकेवरून आठवलं. वीस हजार एमएएच वाचून भुलू नका, तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ७४ वॉट-अवर. १२ व्होल्टला सहा एएच, आणि रूपांतरातली घट धरून पाच. शिवाय करंट फार कमी झाला की "फोन भरला वाटतं" समजून ती स्वतःच झोपी जाते.

शंकासुर (१८ नोव्हेंबर, रात्री ११:३०)

परत मीच. बॅटरी किती उरली हे कसं कळतं? व्होल्टेज तर तुम्हीच म्हणता सपाट.

कथीलताई (१९ नोव्हेंबर, सकाळी ७:५०)

शाब्बास शंकासुर, बरोबर नस पकडलीत. व्होल्टमीटर बघून या बॅटरीचं पोट कळत नाही. १३.१ दाखवतेय म्हणजे ऐंशी टक्के आहे की चाळीस, सांगता यायचं नाही. मध्ये एक छोटा वॉटमीटर घाला, ड्रोनवाली मुलं वापरतात तो. गेलेले एएच मोजत राहतो. रिक्षाचं मीटर, थोडक्यात.

रामशेजवाला (२२ डिसेंबर, रात्री ८:१०)

धागा वर काढतोय. काल साल्हेर उतरलो.

सामान: ८१७, घरी जोडलेला सहा एएचचा पॅक, वॉटमीटर, वीस वॉटचं घडीचं पॅनेल, प्रत्येकी दहा मीटरच्या दोन तारांचा डायपोल, सहा मीटरची मासे पकडायची काठी. रेडिओचं सगळं मिळून साडेतीन किलोच्या आत. परवान्याची प्रत खिशात होती, वाघांब्यात दोघांनी "हे काय, ड्रोन का?" विचारलं, त्यांना ऐकवून दाखवलं.

भटकभवानी, वाऱ्याचं तुम्ही सांगितलं म्हणून वाचलो. काठीला तीन ताण, देवळाशेजारच्या सुट्या धोंड्यांना. तरी पहिल्या तासात पॅनेल पतंगासारखं उडून दहा फुटांवर पालथं पडलं, कोपऱ्यात चरा आला, पण चालतंय. मग त्यावर चपला ठेवल्या. तर सावली! मीटरवर एकचा अर्धा अँपिअर झाला. काका, माळेतल्या मण्यांची आठवण आली. चपला काढून दोरीने बांधलं.

पहिल्या दुपारी चार तासांत सतरा संपर्क, सगळे पाच वॉटवर. एकाने "शंभर वॉट आहेत का?" विचारलं तेव्हा उत्तर देताना माझा आवाज जरा जास्तच साधा झाला. खर्च २.४ एएच.

रात्री गुहेत खालून आलेला मुलांचा ग्रुप होता. त्यांचे फोन मेलेले, एकाला घरी कळवायचं होतं, पायऱ्यांजवळ कुठेतरी एक दांडी रेंज मिळते म्हणे. "दादा, चार्जिंग आहे का?" नाही कसं म्हणणार. यूएसबीचा कन्व्हर्टर लावून दिला आणि झोपलो. सकाळी उठून मीटर बघतो तर एकूण ५.० गेलेले. पॅकमध्ये उरले एक.

पॅनेलवर दव. पुसलं, साडेआठला दक्षिणेकडे टेकवलं. साडेबारापर्यंत ३.४ आत आले, मधूनमधून पिन उपटून ऐकत-बोलत २.१ बाहेर गेले. आणखी अकरा संपर्क. हर्णैकर, रेडिओ थेट बॅटरीला होता, शपथ.

डिडाडिट (२२ डिसेंबर, रात्री ८:४०)

अठ्ठावीस संपर्क, पाच वॉट, वा! माइकची वायर शाबूत आहे ना? आणि त्या पोरांनी किती खाल्ले म्हणालास?

रामशेजवाला (२२ डिसेंबर, रात्री ८:५५)

वायर शाबूत. पोरांनी २.६. रेडिओने अख्ख्या पहिल्या दिवसात खाल्ले त्याहून जास्त. त्यातला एक जण आता परीक्षा कधी असते विचारतोय, त्याला या धाग्याची लिंक दिली आहे.